गळीत हंगाम आणि विश्वाची उत्पत्ती

साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की मला ते आधी खांद्यांतून कळतं. घरातला दिवाळीचा चिवडा अजून संपलेला नसतो, तोवर एका सकाळी बारामतीच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीवर काळे बारीक कण दिसतात. बोटानं पुसायला गेलं की रेघ उमटते. वारा त्या बाजूचा असला तर मळीचा आंबूस गोड वासही येतो. लोक म्हणतात, चला, हंगाम सुरू झाला. माझे खांदे त्याच्या आधीच जड झालेले असतात, स्कूटीला किल्लीसुद्धा लावलेली नसते तरी.

यंदाही तसंच झालं. त्यात भर म्हणून शेजारच्या फ्लॅटमधल्या टीव्हीवर कुणी एक भारदस्त आवाजाचा माणूस तारे कसे जन्माला येतात ते हिंदीतून सांगत होता. भिंतीतून शब्द नीट कळत नव्हते, पण चाल कळत होती. एक वाक्य, मग बराच वेळ नुसतं संगीत, मग पुन्हा एक वाक्य. मी मेथी निवडत होते. जुडी तशीच खाली ठेवली आणि भिंतीला पाठ लावून बसून राहिले. विश्वाच्या उत्पत्तीनं अंग दुखणारी बाई सगळ्या तालुक्यात मी एकटीच असेन.

तात्या म्हणजे माझे वडील. लासुर्ण्याला आमची शेती, अर्थातच ऊस. पण गावात तात्यांची ओळख उसापेक्षा बोलण्यासाठी जास्त होती. कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, पाळी कुणाची, रात्रीतून पाण्याचं दारं कुणी फोडलं, यावर ते चौकात उभे राहून भांडत, आणि चौकात कुणी नसलं तर घरी येऊन बातम्यांशी भांडत. "तुला कुणी सांगितलं रं? हितं येऊन बघ की जरा," असं ते बातम्या देणाऱ्याला म्हणत. कुणी काहीही म्हटलं की तात्यांचा पहिला शब्द 'न्हाय'. पुढचं मग त्याच्या मागून यायचं. बांधाला बांध लागून असलेले नामदेवकाका म्हणायचे, "तात्या, आज लई ऊन हाय." तात्या म्हणायचे, "न्हाय. काल जास्ती व्हतं." आणि दोघंही तासभर उन्हातच उभे. आयुष्यभर ही जोडी अशीच भांडत एकत्र राहिली.

काही वर्षांपूर्वी दसरा झाल्यावर एका सकाळी चहाचा कप तात्यांच्या उजव्या हातातून निसटला. आईनं आधी कपाकडं बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडं. बारामतीच्या दवाखान्यात नेईपर्यंत अर्धं अंग गेलेलं होतं. जीव वाचला. हात-पाय हळूहळू हलतील, डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. बोलण्याचं मात्र त्यांनी काही कबूल केलं नाही. दिवाळीत आम्ही तात्यांना घरी आणलं तेव्हा त्यांच्या तोंडातून एकच आवाज येत होता. बा, बा. पाणी हवं तरी बा, पाठ खाजली तरी बा, आणि राग आला तर तेच जरा मोठ्यानं. कळत सगळं होतं. ते त्यांच्या डोळ्यांत दिसायचं, आणि ते दिसायचं म्हणूनच बघवत नव्हतं. तात्या पुन्हा बोलतील का? त्या हंगामात आमच्या घरात दुसरा प्रश्नच नव्हता.

मी एकुलती एक. बारामतीला ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. दुपारी कॉलेज सुटलं की स्कूटी काढायची आणि लासुर्ण्याचा रस्ता धरायचा. हंगामात हा रस्ता माणसांचा राहत नाही. पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर डुलत चाललेला, त्यावर कानठळ्या बसवणारी गाणी, मागं लोंबणारे ऊस, आणि त्यामागं मी. ओव्हरटेक करावं तर समोरून रिकामा ट्रॅक्टर सुसाट येतोय. रस्त्यावर पडलेले ऊस चाकांखाली चेंगरून डांबर चिकट झालेलं. संध्याकाळी आईला मदत, तात्यांचा व्यायाम, मालिश, मग परत तोच रस्ता. घरी नवरा आणि मुलगा दोघंही त्या हंगामात भाकरी करायला शिकले, हा एक फायदा झाला. मी थकले होते. असं थकले होते की झोपूनही तो थकवा जात नव्हता, आणि कधी कधी तात्यांच्या खाटेकडं बघून मनात यायचं, आता पुरे. मग आई चहा पुढं करायची आणि मी पुन्हा त्यांची बोटं चोळायला घ्यायचे.

आणि माणसं. आमच्याकडं कुणी आजारी पडलं की भेटायला जायचं असतं. केळी, बिस्किटांचा पुडा, नारळ घेऊन सगळं गाव येऊन जातं. लासुर्णे झालं, मग निरवांगीचे पाहुणे, मग डाळजहून आत्याच्या घरचे. येणारा खाटेशेजारी खुर्ची ओढून विचारायचा, "काय तात्या, कसं वाटतंय?" तात्यांचे ओठ हलायला लागायचे. गळ्याची शीर ताठ व्हायची. तेवढ्यात दुसरं कुणीतरी म्हणायचं, "बरं हाय की आता. रंग बघा की कसा आलाय." तिसरा म्हणायचा, "वळखलं का मला? वळखलं, वळखलं." आणि सगळे समाधानानं मान हलवायचे. तात्यांचे ओठ मिटायचे. कुणाच्या मनात पाप नव्हतं. आजाऱ्यापुढं गप्प बसणं आमच्याकडं वाईट दिसतं, गप्प बसायचं ते मयताला. त्यामुळं तात्यांना विचारलेला प्रश्न जमिनीवर पडायच्या आत कुणीतरी झेलायचंच. आई झेलायची, मी झेलायचे, आणि सगळ्यांत आधी नामदेवकाका. ते आमचाही ऊस आपल्या उसाबरोबर तोडून कारखान्याला घालत होते, रोज म्हशीला वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा आणून टाकत होते आणि रोज तात्यांच्या वतीनं बोलतही होते.

बारामतीला तात्यांच्या बोलण्याचा व्यायाम घ्यायला एक मॅडम होत्या. तरुण, अगदी शांत. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "शब्द आत आहेत. बाहेर यायचा रस्ता तुटलाय. दुसरा रस्ता पडेल, पण तुम्ही त्यांच्याऐवजी बोलत राहिलात तर कधीच पडणार नाही. विचारा आणि थांबा. मनातल्या मनात आकडे मोजा, पण थांबा. आणि घरात सावकाश, स्पष्ट बोलणं त्यांच्या कानावर पडू दे."

सावकाश बोलणं आमच्या घरात आणायचं कुठून? आईनं प्रयत्न केला. "अवो... पाणी... देऊ... का," असं दोन दिवस बोलली, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला येड लागल्यासारखं वाटतंय." मी आकडे मोजायचे. विचारायचे, तात्या, भूक लागली का? आणि मोजायला लागायचे. तात्यांचा चेहरा लाल व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मला ते सहन व्हायचं नाही. मीच म्हणायचे, लागली ना? चला, जेवू. चांगली शिकलेली बाई मी, वर्गात पोरांना म्हणते की उत्तर तुम्ही शोधा. घरात जमेना.

ती डॉक्युमेंटरी तात्यांनीच शोधली. बातम्या लावल्या की त्यांचा संताप व्हायचा, कारण उत्तर देता येत नव्हतं. मालिका त्यांना आधीपासूनच आवडत नव्हत्या. एके दुपारी डाव्या हातात रिमोट धरून ते चॅनेल पुढं ढकलत राहिले आणि एका ठिकाणी थांबले. पडद्यावर काळोख होता, त्यात एक निळसर गोळा फिरत होता. भारदस्त आवाजाचा माणूस एक वाक्य बोलला आणि गप्प झाला. बराच वेळ गप्प होता. तात्यांनी रिमोट पोटावर ठेवला. त्यानंतर होळीपर्यंत आमच्या घरात दुसरं काही लागलं नाही. मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या, चांगलंच आहे की, ऐकू दे.

म्हणून मग बाहेर ऊस तोडणाऱ्यांच्या बैलगाड्या घुंगरं वाजवत जायच्या, आणि आत पडवीत विश्व जन्माला यायचं. ते मी कितीदा जन्मताना पाहिलं त्याला गणती नाही. शेवटपर्यंत मात्र एकदाही नाही. प्रचंड स्फोट व्हायचा, सगळीकडं उजेड पसरायचा, आणि माझा डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा एखादा तारा म्हातारा होऊन विझत असायचा. तो माणूस सांगायचा की आपल्याला दिसतो तो ताऱ्याचा जुना उजेड, निघून कितीतरी काळ झालेला, आत्ता कुठं पोचलेला. मी अर्धवट झोपेत तात्यांकडं बघायचे. त्यांचे ओठ हलत असायचे. काय निघालं होतं तिथून, आणि ते कधी पोचणार होतं? एवढ्या मोठ्या आकड्यांचा एक गुण मला तेव्हा कळला. ते ऐकताना आपली काळजी कमी होत नाही, पण थोडा वेळ तिला टेकायला जागा मिळते.

मेंदूवरचा भाग लागला त्या दिवशी आई चुलीजवळून उठून आली. पडद्यावर मेंदू फिरत होता, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, आणि त्याच्यात निळ्या-पिवळ्या ठिणग्या पळत होत्या. डाव्या बाजूचा एक तुकडा लाल झाला. इथं भाषा राहते, असं तो माणूस म्हणाला. आईनं मला विचारलं, "ह्यांचं हितंच बिघडलं व्हय?" मी मान हलवली. तिनं तात्यांच्या डोक्यावरचा रुमाल सरकवला, डाव्या बाजूला कानाच्या वर हात ठेवला आणि तो कार्यक्रम संपेपर्यंत काढला नाही. मेंदू नवे रस्ते काढू शकतो, असंही त्यानं सांगितलं. आई म्हणाली, "म्हंजी वळसा. रस्ता खणला की आपन माळावरनं जातो तसं." तात्या डोळे मिटून पडले होते, पण ऐकत होते.

भविष्यावरचे भाग नामदेवकाकांना आवडायचे. माणूस मंगळावर राहायला जाणार म्हटल्यावर ते खुर्ची पुढं ओढायचे. "पाणी कुठल्या कालव्याचं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. बर्फ आहे म्हणे जमिनीखाली, मी सांगितलं. "म्हंजी बोअर. मग तितं बी तेच की, कुणाच्या बोअरनं कुणाची आटली." तात्यांच्या तोंडाचा चांगला कोपरा थोडा वर गेला. दुसऱ्या एका भागात दाखवलं की पुढं अशी यंत्रं येतील जी माणसाच्या मनातलं ओळखतील, त्याचं वाक्य तोंडातून निघायच्या आत पुरं करतील. संगीत असं लावलं होतं की बघणाऱ्यानं थक्क व्हावं. मी थक्क झाले नाही. ते भविष्य आमच्या पडवीत खुर्ची टाकून, मांडीवर बिस्किटांचा पुडा घेऊन बसलेलं होतं.

त्या माणसाचं एक मला हळूहळू जाणवत गेलं. तो फार प्रश्न विचारायचा. काळ म्हणजे काय? मन कुठं असतं? आपण कुठून आलो? आणि विचारून झालं की थांबायचा. पडद्यावर नुसत्या चांदण्या. त्याला कुठलीच घाई नव्हती, आणि त्या प्रश्नांची उत्तरं आमच्यातल्या कुणालाच येत नसल्यामुळं मधे कुणी तोंड घालत नव्हतं. सगळ्या गावात तात्यांना प्रश्न विचारून थांबणारा तेवढा एकच माणूस होता.

महाशिवरात्र जवळ आली होती. ऊन चढायला लागलं होतं, हंगामाचा जोर ओसरला होता. मॅडमनी मागच्या भेटीत माझी नजर टाळत सांगितलं होतं की पहिले काही महिने महत्त्वाचे असतात. त्या दुपारी आई तात्यांना तांदळाची पेज भरवत होती. मी भिंतीला टेकून वह्या तपासत होते. नामदेवकाका दारात वाढ्याचा भारा टाकून घाम पुसत होते. तात्या डोळे मिटून घास गिळत होते, त्यांच्या कानावर काही जात नाही असं काकांना वाटलं असावं. आवाज खाली न आणता ते आईला म्हणाले, "वैनी, आता मनाची तयारी करा. तात्या असाच ऱ्हायचा." आईनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. चमचा पुढं करून ती म्हणाली, "येवढा एक घास घ्या." आणि टीव्हीतल्या माणसानं, त्याच्या नेहमीच्या सावकाशीनं, विचारलं की या अथांग विश्वात आपण एकटेच आहोत का. मग तो थांबला. चांदण्या दिसायला लागल्या. आई थांबली, नामदेवकाका आपल्याच बोलण्यानं चपापून गप्प झाले होते, आणि मी लाल पेन हातात धरून होते. त्या हंगामात पहिल्यांदाच आम्ही सगळे एकाच वेळी गप्प होतो.

"न्हाय," तात्या म्हणाले.

स्पष्ट. घोगरं, पण स्पष्ट. आईच्या हातातली वाटी कलंडली आणि पेज चादरीवर सांडली. मी रडले, हे सांगते. आई रडली नाही, ती तात्यांच्या तोंडाकडं बघत "काय म्हनला? काय म्हनला?" करत राहिली. त्यांनी पुन्हा म्हटलं, न्हाय. पुन्हा एकदा म्हटलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी तो शब्द इतक्या वेळा म्हटला की आई शेवटी म्हणाली, बास आता, घसा बसंल.

त्या दिवसापासून वाद आहे. आई म्हणते, ते मला म्हणाले, त्यांना पेज कधीच आवडत नाही, लग्नापासून नाही. मी म्हणते, ते त्या प्रश्नाचं उत्तर होतं. मी ते कॉलेजात स्टाफरूमला सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, इतक्यांदा सांगितलं की माझी गोष्ट घासून गुळगुळीत झाली. विश्वात आपण एकटे आहोत का? लासुर्ण्याचे तात्या म्हणतात, नाही. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावायचे. आई मागून म्हणायची, "पेजंचं हाय ते सगळं." नामदेवकाका या वादात कधी पडले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या वादात ते पडले नाहीत. दारातलं त्यांचं ते वाक्य मीही कधी कुणाला सांगितलं नाही. ते रोज भारा टाकायला येत राहिले आणि खुर्चीवर बसले की आधी तोंडावर हात ठेवायचे, चुकून बोललं जाऊ नये म्हणून.

शब्द मग येत गेले. च्या. पाणी. नामदेव. पुढच्या पावसाळ्यापर्यंत दोन-दोन शब्द जोडून यायला लागले, अडखळत, मधे मोठी मोकळी जागा सोडत. पूर्वीसारखं बोलणं आलं नाही, येणारही नाही, ते आम्ही सगळ्यांनी कधीतरी स्वीकारलं. भेटायला येणारी माणसं थांबायला शिकली म्हणावीत तर तसंही नाही. पण निदान दारातून आत येताना आता एकमेकांना कोपरानं ढोसतात.

यंदा तात्या खूप थकलेत. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकतं. दिवसातला बराच वेळ झोपून असतात, आणि बोलायला सुरुवात करून मधेच सोडून देतात, जाऊ दे अशा अर्थाचा हात करतात. मीही तेव्हासारखी राहिले नाही. रस्ता तोच, ट्रॅक्टर तेच, पण स्कूटीवरून उतरले की थोडा वेळ गुडघा धरून उभं राहावं लागतं. शेजारच्या भिंतीतून तो आवाज ऐकला त्या दिवसापासून मला एकच धास्ती लागली होती. एवढी वर्षं आई आणि मी भांडतोय, आणि ज्यांना विचारायचं त्या तात्यांनाच कुणी विचारलं नाही.

परवाच्या रविवारी गेले. अंगणात काजळी पडली होती, आई झाडत होती. पडवीत टीव्ही चालू होता, आवाज बारीक. कुठलासा धूमकेतू लांब शेपटी घेऊन चालला होता. नामदेवकाका खुर्चीवर बसले होते. मी तात्यांच्या खाटेवर टेकले आणि म्हटलं, "तात्या, एक विचारायचंय. त्या वर्षी तुम्ही पहिल्यांदा 'न्हाय' म्हणालात. ते कुणाला म्हणालात?"

आई केरसुणी घेऊन दारात आली. तिचं तोंड उघडलं होतं. मी तिच्याकडं बघितलं आणि तिनं ते मिटलं. मलाही जिभेवर आलं होतं, आईला की टीव्हीला, एवढंच सांगा, नुसती मान हलवा. मी ते गिळलं. नामदेवकाकांचा हात तोंडावर होता आणि नजर जमिनीवर. तात्या छताकडं बघत होते. गळ्याची शीर ताठ झाली, ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मला वाटलं, आता हात करतील, जाऊ दे म्हणून. धूमकेतू पडद्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला. बाहेर एक ट्रॅक्टर गाणी वाजवत आला, आणि गेला. मी आकडे मोजत नव्हते. नुसती बसले होते.

"समद्यास्नी," तात्या म्हणाले.

आईनं केरसुणी भिंतीला टेकवली. नामदेवकाकांनी तोंडावरचा हात काढला, डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवून तिच्याकडं बघत राहिले. तात्यांनी मान वळवून त्यांना एकदा नीट बघून घेतलं. मग डाव्या हातानं रिमोट चाचपला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.